उन्हाळ्यात पुणं सायकलवर कसं फिरावं: सावली धरून एक दिवस

सायकलवर शहर बघायचं म्हटलं की लोक आधी विचारतात, किती किलोमीटर? इथे सांगितलेला सगळा फेरा वीस किलोमीटरच्या आसपास आहे, आणि पायाला थोडी सवय असली तर त्याचं काही वाटत नाही. मे महिन्यात हिशेब ठेवायचा तो सावलीचा. १३-१४ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराला सूर्य पुण्याच्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावलीसुद्धा गायब होते. अशा वेळी भिंतीच्या कडेकडेने पायडल मारून काय उपयोग? म्हणून दिवसाचे दोन तुकडे करा, सकाळ आणि संध्याकाळ. मधले तास छपराखाली काढायचे.

दुसरी गोष्ट दिशेची. सकाळी पूर्वेकडून पश्चिमेकडे निघालात तर ऊन पाठीवर राहतं, डोळ्यांत जात नाही. संध्याकाळी उलट यायचं, म्हणजे पुन्हा तेच. त्यामुळे सुरुवात पुणे स्टेशनच्या बाजूने करावी. आणि चढाचं साधं गणित लक्षात ठेवा: नदीकडे जाताना बहुतेक उतार, नदीपासून लांब जाताना चढ.

आदल्या संध्याकाळी

सायकल भाड्याची असो वा स्वतःची, ब्रेकचे गट्टे, चेन आणि दोन्ही चाकांतली हवा बघून घ्या. उन्हाळ्यात हवा ठासून भरू नये. तापल्यावर ती फुगते, आणि जुन्या ट्यूबला लावलेलं ठिगळ नेमकं तेव्हाच सुटतं. मी एकदा टम्म भरलेली सायकल तासभर उन्हात लावून गेलो होतो. परत आलो तर मागचं चाक बसलेलं, आणि सीट इतकी तापलेली की तिच्यावर पाणी ओतून मग बसावं लागलं. त्या दिवसापासून कुलूप लावण्याआधी मी बघतो की तासाभराने इथे ऊन कुठून येईल.

बरोबर दोन बाटल्या पाणी, एकात मीठ-साखर घातलेली. फिक्या रंगाचा लांब बाह्यांचा सुती सदरा, हेल्मेट, त्याखाली ओला रुमाल. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असं आमच्या घरी सांगायचे. माझ्या मते कांदा पोह्यांत जास्त कामाला येतो.

पहाटे साडेपाच ते आठ

मेच्या मध्याला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. त्याआधी निघा, मागचा लाल दिवा लावून. पहिला थांबा सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती. पुण्यात वर्षानुवर्षं राहिलेल्यांनीही हे देऊळ पाहिलेलं नसतं. १७५४ साली काम सुरू झालं, १७७० मध्ये प्राणप्रतिष्ठा झाली. काळ्या दगडाच्या दर्शनी भिंतीवर, देवादिकांच्या शेजारी, गेंड्याला साखळदंडाने बांधणारे गोरे शिपाई कोरलेत. गल्ली अरुंद आहे, तेव्हा सायकल दारातच टेकवा आणि ती शिल्पं शोधत बसा. घाई करू नका, याच गारव्यासाठी एवढ्या लवकर उठलात.

तिथून कसबा गणपती आणि शनिवारवाडा. वाडा १७३२ चा, आतली इमारत १८२८ च्या आगीत गेली. आत जायची वेळ अजून झालेली नसते, पण दिल्ली दरवाजावरचे अणकुचीदार खिळे बाहेरूनच दिसतात. हत्तीने धडक देऊ नये म्हणून ते बसवलेले.

मग मंडई. ही अष्टकोनी इमारत १८८६ ची, आणि आंब्याच्या दिवसांत तिचा वास वळणाच्या आधीच येतो. इथे सायकलवरून उतरून चालावं, कारण हातगाड्या आणि हमाल यांना वाट देणं तुमचं काम आहे. शेजारच्या तुळशीबागेत दुकानं उघडायच्या आत शिरा. एरवी गर्दीत हरवणारं राममंदिर तेव्हा सबंध दिसतं.

एक सूचना: पेठांतले मोठे रस्ते एकदिशा आहेत. ‘सायकलला काय होतंय’ म्हणत उलटं घुसू नका. बसवाल्याला तुम्ही दिसतच नाही. सायकल ट्रॅकवरही फार भिस्त नको, त्यावर मोटारी उभ्या असतात.

आठ ते दहा

पेठांतल्या गल्ल्यांतून झेड ब्रिज गाठा. हा पूल फक्त दुचाकींचा, त्यामुळे मोटारींची धास्ती नाही. पलीकडे डेक्कनला मिसळ किंवा पोहे खा, पण मिसळीचा जादा रस्सा मागताना पुढचं ऊन आठवा. जंगली महाराज रस्त्यावर झाडांची सावली मिळते, आणि तिथेच पाताळेश्वर आहे. आठव्या शतकाच्या सुमारास अखंड खडकात खोदलेलं हे लेणं. समोरचा गोल नंदीमंडपही त्याच दगडातला. आत पाऊल टाकलं की अंगावरचा घाम थंड होतो.

दहा ते साडेचार

पुन्हा नदी ओलांडून शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालयात या. दहाला उघडतं. अडकित्ते, दिवे, वाद्यं, असं किती काय, एका माणसाने आयुष्यभर गोळा केलेलं. दोन तास सहज जातात. नंतर जेवण, आणि जमल्यास कुणा नातेवाइकाकडे चटईवर आडवं होणं. पुण्यात दुपारी एक ते चार बंद राहणाऱ्या दुकानांची चेष्टा खूप होते. मे महिन्यात सायकलवर फिरून बघा, चेष्टा थांबेल.

मधे डोकं गरगरलं, मळमळलं किंवा घाम यायचा थांबला तर सायकल तिथेच सोडा. सावलीत बसा, अंगावर पाणी मारा, बरं वाटेना तर १०८ ला फोन करा.

संध्याकाळ

पर्वतीच्या पायथ्याशी सायकल कुलूपबंद करा आणि १०३ पायऱ्या चढा. सातच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याआधी सकाळचा सगळा रस्ता वरून बोटाने दाखवता येतो. उतरल्यावर दिवे लावून पूर्वेकडे परत. स्वारगेटचा चौक सायकल हातात धरून ओलांडलेला बरा.

मस्तानी प्यायची तर पर्वतीनंतर. मी एकदा आधी प्यायलो, चाळीसाव्या पायरीवर बसून राहिलो, आणि सूर्यास्त वर कुठेतरी झाला.