एमजीबीसाठी ऑइल आणायला निघण्याआधी

पहिलं काम म्हणजे दुकानात न जाणं. निदान लगेच तरी नको. जुन्या स्पोर्ट्स कारचं ऑइल डब्यावरून ठरत नाही, इंजिनावरून ठरतं. एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार हातात आली की बहुतेक जण नेमकं उलट करतात. 'एवढी जपलेली गाडी, तिला भारीतलंच घालू' म्हणून सगळ्यात महाग फुल सिंथेटिक उचलतात. ही गाडी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनली. तिला भारीतलं नको, तिच्या काळाला धरून असलेलं हवं.

इथे मराठी माणसाला एक फायदा आहे. एमजीबीचं १७९८ सीसी इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) 'बी-सिरीज' घराण्यातलं, आणि आपल्या जुन्या पेट्रोल अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसी इंजिनही त्याच घराण्यातलं. (नंतर आलेलं इसुझूचं नव्हे.) तेव्हा लाल दिव्याच्या अ‍ॅम्बेसेडरी उघडून बसलेला एखादा जुना मिस्त्री माहितीत असेल, तर आधी त्याला गाठा. दोन सीटची लालभडक गाडी बघून तो जरा बिचकेल, पण बॉनेट उघडल्यावर त्याला काही सांगावं लागणार नाही.

मग इंजिनाची चौकशी. शेवटचं कधी उतरवलं, बोअर केलंय का, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) मूळचा आहे की नवा टाकलाय, आतापर्यंत कोणतं ऑइल पडत होतं, हे सगळं जुन्या मालकाकडून काढून घ्या. पावत्या असतील तर उत्तम. नसतील तर गाडीलाच विचारायचं. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर चोक जास्त वेळ ओढला जातोय किंवा कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल देतोय. ते आधी दुरुस्त करा, नाहीतर नवं ऑइलही तसंच पातळ होईल. ऑइल भरायच्या टोपणाखाली साय धरल्यासारखा पांढरट थर दिसला तर घाबरून हेड उघडायला धावू नका. थंडीत किंवा पावसाळ्यात गाडी नुसती कोपऱ्यापर्यंत नेऊन आणली की आतली वाफ बाहेर पडत नाही, आणि असा थर बसतो. पाणी कमी होतंय का तेवढं मात्र बघा. रेडिएटरची पातळीही उतरत असेल तर गोष्ट वेगळी.

यानंतर प्रेशर, आणि ते गरम इंजिनावरच. अर्धा तास नीट चालवा, मग काटा बघा. रस्त्यावर ५० ते ८० पीएसआय आणि आयडलिंगला १० ते २५ ही या इंजिनाची ठीक अवस्था. थंड इंजिनावर काटा वर असतोच, त्यावर समाधान मानू नका. काटा खूप खाली दिसला तर दुसरा गेज लावून खात्री करून घ्या, कारण पन्नास वर्षांचा गेजही चुकतो. आणि प्रेशर खरंच कमी असेल, तर जाड ऑइलने काटा वर चढवता येतो, पण झिजलेली बेअरिंग भरून येत नाही. गाडी विकायच्या आदल्या आठवड्यात हा उद्योग बरेच जण करतात. घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

आता ग्रेड. उत्तर छोटं आहे, २०डब्ल्यू-५०. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा गरम इंजिनातला. '५०' म्हणजे १०० अंश सेल्सियसला ऑइलची घनता नव्हे, तर त्याचा दाटपणा १६.३ ते २१.९ सेंटिस्टोकच्या दरम्यान. आजच्या हॅचबॅकमध्ये पडणाऱ्या '३०' चा तोच आकडा ९.३ ते १२.५. बी-सिरीजची बेअरिंग आणि पंप ज्या अंतरांवर बनवलेत, त्यांना ही जाडी लागते. घरी उरलेलं ५डब्ल्यू-३० 'ऑइल ते ऑइल' म्हणून ओतू नका. थंडीच्या आकड्याचा विचार मात्र आपापल्या गावाप्रमाणे करा. २०डब्ल्यू ऑइल साधारण उणे १५ अंशांपर्यंत इंजिन फिरू देतं. लंडन-बर्मिंगहॅमकडे हे पुरतं, स्कॉटलंडच्या डोंगरात राहत असाल तर १५डब्ल्यू-५० किंवा १०डब्ल्यू-५० बघा. मुंबई-पुण्यात ५डब्ल्यूसाठी जादा पैसे मोजणं म्हणजे येणार नसलेल्या थंडीचा विमा काढणं.

खरी मेख जस्तात आहे, आणि इथे घाई नको. एमजीबीचा कॅम सपाट टॅपेटवर, म्हणजे व्हॉल्व्हकडे धक्का पोचवणाऱ्या भागावर, घासत फिरतो, मध्ये रोलर नाही. कॅमच्या टोकाखाली दाब इतका असतो की ऑइलचा थर तिथे तग धरत नाही. अशा वेळी कामी येतं झेडडीडीपी हे जस्त आणि फॉस्फरसचं रसायन. दाब आणि उष्णतेने ते धातूवर काचेसारखा पातळ थर चढवतं, आणि धातूऐवजी तो थर झिजतो. पण यातला फॉस्फरस जळून एक्झॉस्टमध्ये गेला की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो. म्हणून नव्या गाड्यांच्या ऑइलमधून तो टप्प्याटप्प्याने कमी होत गेला. २००४ च्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएम दर्जापासून ३० आणि त्याहून पातळ ग्रेडना मर्यादा ०.०८ टक्के. नव्या रोलर-टॅपेटच्या इंजिनांना काही फरक पडला नाही. फटका बसला तो जुन्या गाड्यांना, त्यातही नवा कॅम टाकलेल्यांना.

तेव्हा डब्याच्या पुढच्या बाजूवरची चकचकीत अक्षरं सोडून मागची बारीक अक्षरं वाचा. 'जितका नवा एपीआय दर्जा तितकं चांगलं' हा नियम इथे चालत नाही. ५० ग्रेडला फॉस्फरसची ती मर्यादा लागू नाही, पण म्हणून प्रत्येक ५० मध्ये तो भरपूर असेलच असं नाही. कंपनीची डेटाशीट मागा आणि फॉस्फरस ०.१० ते ०.१२ टक्क्यांच्या आसपास आहे का बघा. ब्रिटनमध्ये क्लासिक गाड्यांसाठी वेगळी २०डब्ल्यू-५० ऑइलं सहज मिळतात, तिथे हा शोध पाच मिनिटांत संपतो. भारतात तेवढी सोय नाही. पण बुलेटवाल्यांच्या कृपेने मोटरसायकलची जाड ऑइलं प्रत्येक स्पेअरपार्टच्या दुकानात असतात, आणि जासो एमए या मोटरसायकल ऑइलच्या जपानी दर्जात फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के ठेवावाच लागतो. मूळ हेतू वेगळा असला तरी आकडा आपल्या कामाचा आहे. २०डब्ल्यू-५० ग्रेडचं असं ऑइल मिळालं तर अडीनडीला मी ते टाकेन. अ‍ॅडिटिव्हच्या बाटल्यांबद्दल मात्र मी साशंक आहे. तयार ऑइलमध्ये सगळी रसायनं मोजून घातलेली असतात, वरून अंदाजाने ओतलं तर प्रमाण बिघडतं, आणि जस्त ठरावीक मर्यादेपुढे वाढवून फायदाही होत नाही.

मिनरल की सिंथेटिक, यावर लोक तासन्‌तास भांडतात. वर्षाला हजार-दोन हजार मैल चालणाऱ्या गाडीला चांगलं मिनरल पुरतं, ऑइल मैलांपेक्षा कॅलेंडरने आधी जुनं होतं. गळतीचं म्हणाल, तर १९६४ च्या शरद ऋतूपर्यंतच्या तीन बेअरिंगच्या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सीलच नाही. तिथून थेंब पडणारच, खाली ट्रे ठेवा.

ग्रेड ठरली की किती लागणार ते. फिल्टरसकट सव्वाचार लिटरच्या आसपास, ऑइल कूलर असेल तर थोडं जास्त. पाच लिटरचा डबा घेऊन भागेल असं वाटतं, पण थांबा. एमजीबीचा गिअरबॉक्सही इंजिनाचंच २०डब्ल्यू-५० पितो, त्याचा हिशेब वेगळा. ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) असेल तर त्याचं ऑइलही गिअरबॉक्सबरोबर एकच. त्यात घर्षण कमी करणारी अ‍ॅडिटिव्ह गेली की ओव्हरड्राइव्हचा कोन क्लच घसरायला लागतो, आणि मग माणूस वायरिंग तपासत बसतो. एसयू कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्येही थोडं इंजिन ऑइलच लागतं. मागच्या अ‍ॅक्सलला मात्र हे चालत नाही, तिथे हायपॉइड ९० हे गिअर ऑइल.

फिल्टर आणि चेंबरच्या ड्रेन प्लगचा नवा तांब्याचा वॉशर त्याच फेरीत घ्या. काही एमजीबींत फिल्टर उलटा बसतो. तुमच्या गाडीत तसा असेल तर आत परतीचा व्हॉल्व्ह असलेलाच फिल्टर मागा, नाहीतर रात्रभरात तो रिकामा होतो आणि सकाळी स्टार्ट करताच बेअरिंगा काही क्षण कोरड्या फिरतात. फ्लशिंग ऑइल घेऊ नका. वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटला तर पंपाच्या जाळीत जाऊन अडकतो. त्यापेक्षा पहिलं ऑइल पाचशे मैलांनीच बदलून टाका, पुढे तीन हजार मैल किंवा एक वर्ष.

बदलताना इंजिन गरम हवं, हातमोजे हवेत, जुनं ऑइल धरायला पसरट भांडं आणि ओतायला नरसाळं हवं. जुनं ऑइल गटारात नाही, रिकाम्या डब्यात भरून अधिकृत संकलन केंद्रात. नवं भरल्यावर इग्निशनची वायर काढून काटा हलेपर्यंत इंजिन नुसतं फिरवा, मगच स्टार्ट करा.

शेवटी टॅपेटचं अंतर. इंजिन थंड असताना ०.०१५ इंचाचं फीलर गेज (अंतर मोजायची पातळ पट्टी) घालून आठही बघा आणि आकडे वहीत लिहा. पुढच्या वेळी एखाद्याच टॅपेटचं अंतर वाढलेलं दिसलं, नीट केल्यावर पुन्हा वाढलं, तर त्याखालचा कॅम जातोय. तिथे कुठलंच ऑइल उपयोगाचं नाही. कॅम आणि सगळे टॅपेट एकदमच बदलायचे, जुने टॅपेट नव्या कॅमवर बसवायचे नाहीत. नवा कॅम पहिल्यांदा चालू झाला की वीस मिनिटं आयडलिंगला सोडायचा नाही, दोन हजार आरपीएमच्या वरच ठेवायचा. त्यासाठी भरपूर झेडडीडीपी असलेलं रनिंग-इन ऑइल (नवे भाग एकमेकांवर बसेपर्यंत वापरायचं) आधीच आणून ठेवा, आणि रेडिएटर काठोकाठ भरलेला आहे ना ते चावी फिरवण्याआधी बघा, कारण त्या वीस मिनिटांत इंजिन बंद करून चालत नाही.