मुलासाठी थेरपी सुरू करताना: आधी काम ठरवा, मग केंद्र

मुलाला थेरपी (फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी किंवा स्पीच थेरपी) लावण्याचा सल्ला मिळाला की पालक बहुधा लगेच जवळचे केंद्र शोधू लागतात. त्याआधी आठवडाभर मुलाचे निरीक्षण करून ते दिवसभरात नेमके कोणत्या कामाशी अडते, हे लिहून काढणे अधिक उपयोगाचे ठरते. ‘मागे पडतो’, ‘हट्टी आहे’, ‘लक्ष देत नाही’ या शेऱ्यांवरून तज्ज्ञाला फारसे काही कळत नाही. ‘साडेचार वर्षांचा आहे, टी-शर्ट डोक्यातून घालतो, पण दुसरी बाही सापडली नाही की रडू लागतो’ या एका वाक्यातून मात्र बरेच कळते. जेवण, आंघोळ, कपडे, खेळ आणि झोप यांपैकी जिथे रोज तणाव होतो, त्या एक-दोन प्रसंगांचे मोबाईलवर चित्रीकरण करून ठेवावे, कारण अनोळखी खोलीत मूल घरच्यासारखे वागेलच असे नाही.

काही लक्षणे दिसल्यास ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नये. नऊ महिने उलटूनही आधाराशिवाय न बसणे, दीड वर्षानंतरही न चालणे, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द स्वतःहून जोडून न बोलणे, पहिल्या वाढदिवसाआधीच सतत एकच हात वापरणे आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एकदा आलेले कौशल्य कोणत्याही वयात गमावणे, ही ती लक्षणे होत. मात्र शेजारच्या मुलाशी तुलना करून घाबरण्याचेही कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार निरोगी मुले साधारण 8 ते 18 महिन्यांच्या दरम्यान कधीही स्वतंत्रपणे चालू लागतात. अपुऱ्या दिवसांच्या मुलाचे वय पहिली दोन वर्षे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे.

सुरुवात बालरोगतज्ज्ञांकडून करावी. बोलणे उशिरा येत असेल, तर मूल हाकेला ओ देते असे घरच्यांना वाटत असले तरी श्रवणचाचणी टाळू नये. त्यानंतर अडचणीनुसार थेरपिस्ट निवडावा. चालणे, तोल आणि स्नायूंची ताकद यांसाठी फिजिओथेरपिस्टकडे जावे. कपडे घालणे, जेवणे, लिहिणे, तसेच आवाज किंवा स्पर्श सहन न होणे यांसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टची मदत घ्यावी. बोलणे आणि भाषेची समज यांसाठी स्पीच थेरपिस्ट असतो, आणि घास चावण्या-गिळण्याच्या तक्रारींतही त्याची मदत होते, हे अनेक पालकांना माहीत नसते.

पहिल्या भेटीत थेरपिस्टने केवळ मुलाची चाचणी न घेता ‘तुम्हाला रोजच्या जगण्यात काय बदललेले हवे आहे?’ असे विचारायला हवे, आणि विचारले नाही तर पालकांनी आपण होऊन सांगावे. ‘सूक्ष्म कारक कौशल्ये (म्हणजे हाता-बोटांच्या बारीक हालचाली) सुधारणे’ हे उद्दिष्ट कागदावर भारदस्त दिसते, पण ते साध्य झाले की नाही हे कोणालाच ठरवता येत नाही. ‘तीन महिन्यांत रात्रीच्या जेवणात निम्मे जेवण स्वतःच्या हाताने, मदतीशिवाय’ हे उद्दिष्ट घरातल्या कोणालाही तपासता येते. कॅनडात विकसित झालेल्या आणि या क्षेत्रात सर्वत्र परिचित असलेल्या एका पद्धतीत प्रत्येक कामाला, ते किती जमते आणि त्याबाबत किती समाधान आहे, असे 1 ते 10 पैकी गुण देतात, आणि काही आठवड्यांनी तेच गुण पुन्हा देतात. दोन गुणांची वाढ ही अर्थपूर्ण मानली जाते. पालक ही पद्धत वहीतही वापरू शकतात.

घरच्या सरावासाठी एखादे काम घेऊन त्याचे तुकडे पाडावेत आणि शिकवताना शेवटच्या तुकड्यापासून सुरुवात करावी. उदाहरणार्थ, पँट घालणे शिकवताना दोन्ही पाय घालून पँट मांड्यांपर्यंत आपण आणावी, मुलाचे अंगठे कमरेच्या इलॅस्टिकमध्ये अडकवावेत आणि शेवटची ओढ त्याला मारू द्यावी. ती सहज जमू लागली की पँट गुडघ्यांपर्यंतच आणावी, मग घोट्यांपर्यंत, आणि सर्वांत शेवटी पाय घालण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे. प्रत्येक वेळी काम पूर्ण होते ते मुलाच्याच हातून, त्यामुळे अर्ध्यावर हार मानण्याची सवय लागत नाही. घालण्याआधी काढणे शिकवावे, कारण ते सोपे असते. गुंडीचा सराव अंगावरच्या शर्टावर न करता मांडीवर ठेवलेल्या, मोठ्या गुंड्यांच्या आणि सैल काजांच्या कपड्यावर सुरू करावा. गुंडी अर्धी बाहेर आलेली असताना मूल ती ओढून घेईल, तेवढ्यावर पहिले काही दिवस समाधान मानावे. सकाळी शाळेची घाई असताना शिकवू नये. संध्याकाळी कपडे बदलतानाची पाच-दहा मिनिटे पुरतात, आणि हात पुढे करण्याआधी मनात दहा आकडे मोजावेत.

झोके, वजनदार जॅकेट, ब्रशने अंग चोळणे अशा संवेदनांवर आधारित उपायांबाबत थोडी सावधगिरी बाळगावी. या विचाराची मांडणी अमेरिकी ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी 1970च्या दशकात केली, पण या मांडणीच्या नावाखाली आज चालणाऱ्या सर्वच साधनांना सारखा पुरावा नाही. वजनदार जॅकेटबाबतचा पुरावा तर कमकुवतच आहे. मूल झोक्यावर शांत होते, ही चांगलीच गोष्ट आहे, परंतु त्यानंतर जेवणाच्या ताटाशी बसणे सोपे झाले का, हे पाहायला हवे.

दर तीन महिन्यांनी आढावा मागावा. गुण जागचे हलले नसतील, तर उद्दिष्ट फार मोठे होते, सराव घरी झाला नाही, की पद्धतच बदलायला हवी, हे थेरपिस्टसोबत बसून ठरवावे. पालकांना सत्र पाहू न देणारा, घरी काय करायचे ते न सांगणारा किंवा पूर्ण बरे करण्याची हमी देणारा थेरपिस्ट निःसंकोचपणे बदलावा. ठरवलेली कामे जमू लागली, तर थेरपीला विराम देण्यातही काही गैर नाही. नवी अडचण बहुधा टप्पा बदलताना येते, जसे लेखन वाढणाऱ्या इयत्तेत किंवा शाळा बदलल्यावर, म्हणून गुणांची वही आणि जुने अहवाल जपून ठेवावेत, म्हणजे पुन्हा जावे लागल्यास मूल्यमापन पहिल्यापासून करावे लागत नाही.