पऱ्हाटी छातीला लागली, आता फवारताना अंगावर काय पडतंय ते बघा

सप्टेंबर लागला की पऱ्हाटी म्हणजे कपाशी छातीपर्यंत येते, तुडतुडे, पांढरी माशी आणि बोंडअळी एकदमच दिसायला लागतात आणि मग घाईघाईत दोन-तीन औषधं एकाच पंपात ओतून फवारणी सुरू होते. 2017 साली यवतमाळात हेच झालं, वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले.

तेव्हा दिसली ती लगेचची विषबाधा. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉससारखी औषधं नसांच्या कामाला लागणारं कोलिनेस्टरेज एन्झाइम अडवतात, म्हणून लाळ गळते, बाहुल्या बारीक होतात, श्वास अडकतो. पण थोडं थोडं औषध दर हंगामात अंगात जात राहिलं तर पेशींच्या आतही मार बसतो, डीएनएचे धागे तुटतात, आणि त्याची ना चक्कर येते ना उलटी होते त्यामुळे कळतच नाही. लॅबमध्ये मात्र ते दिसतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जेलमध्ये ठेवून करंट दिला की तुटलेला डीएनए धूमकेतूच्या शेपटीसारखा मागे ओढला जातो, आणि फवारणी करणाऱ्यांच्या पेशींत ही शेपटी जास्त लांब असल्याचं आपल्या देशातल्या अभ्यासांतही आढळलंय. शरीर यातलं बरंच दुरुस्त करतं, सगळं नाही. मॅलाथिऑन आणि डायझिनॉन या कीटकनाशकांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2015 मध्ये 'बहुधा कॅन्सरकारक' गटात टाकलं. म्हणजे फवारणाऱ्या प्रत्येकाला कॅन्सर होतो असं अजिबात नाही, पण अंगावर कमी पडेल हे बघणं आपल्या हातात आहे.

आधी फवारणी लागते का ते बघा. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले किंवा दहातलं एक बोंड किडकं निघालं तरच गुलाबी बोंडअळीसाठी पंप उचला. लेबलवर लिहिलं नसेल तर दोन औषधं मिसळू नका, दुकानदार काहीही म्हणो. वारा पाठीमागून घ्या, दुपारच्या उकाड्यात फवारू नका कारण घामाने भिजलेल्या कातडीतून औषध जास्त आत जातं. तोंडाला बांधलेला रुमाल भिजला की तेच औषध तासभर नाकाशी राहतं, त्यापेक्षा मास्क वापरा, आणि रबरी हातमोजे औषध मोजतानापासूनच घाला, तेव्हा ते सगळ्यात कडक असतं. झाकण गळून पाठ भिजली तर ओळ संपायची वाट न बघता तिथेच शर्ट काढून साबणाने धुवा. नोझल तोंडाने फुंकायचं नाही म्हणजे नाही.

ते कपडे घरी बायका उघड्या हाताने धुतात, त्यांच्याही अंगात औषध जातं हो, म्हणून वेगळे धुवा. गरोदर बाईला पंप भरायला लावू नका. मजुरीने रोज फवारणाऱ्यांनी हंगामाआधी आणि मधे कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी करून घ्यावी.

चक्कर, मळमळ, धूसर दिसणं यातलं काही वाटलं तर 108 ला फोन करा, आणि डॉक्टरकडे जाताना औषधाची बाटली लेबलसकट सोबत न्या.