झोन आला नाही? तरी पेपर होतो, असा करा

एमएस्सीला असताना मी अडुळशाच्या पानांचा अर्क काढून ई. कोलायवर टाकत होतो, चार महिने गेले आणि झोन, म्हणजे डिस्कभोवती बॅक्टेरिया न वाढलेला मोकळा गोल, काही येईना. गाईड म्हणाले, हे कोण छापणार, दुसरं झाड घे. घेतलं, त्याला बारीकसा झोन आला, त्याचा पेपर झाला आणि अडुळसा वहीत राहिला. पुढे एका कॉन्फरन्सला पोस्टरपाशी एक मुलगी भेटली, तिनेही तेच झाड, तेच बॅक्टेरिया, तिचीही वही कपाटात! निगेटिव्ह निकाल न छापता असे पडून राहतात, याला मानसशास्त्रज्ञ रोझेन्थलने १९७९ साली फाइल ड्रॉवर म्हटलं, आपल्याकडे ते गोदरेजचं कपाट असतं एवढाच फरक.

औषधांच्या बाबतीत हे किती अंगाशी येतं ते २००८ मधे दिसलं. अमेरिकेत एफडीएकडे (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) नोंदलेल्या डिप्रेशनच्या औषधांच्या ७४ ट्रायल तपासल्या तर पॉझिटिव्ह, म्हणजे औषधाचा फायदा दिसलेल्या, ३८ पैकी ३७ छापून आलेल्या, आणि उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच नाहीत, ११ रंगसफेदी करून पॉझिटिव्ह असल्यासारख्या छापल्या, जसं आलं तसं फक्त ३ मधे.

असो, मुद्द्यावर येतो. छापायच्या आधी स्वतःला एकच विचारा, परिणाम नव्हता की मला दिसला नाही? सगळा पेपर यावर उभा राहतो.

तर प्लेटवर सिप्रोफ्लोक्सासिन या अँटिबायोटिकची डिस्क हवी आणि नुसत्या डीएमएसओची, म्हणजे अर्क ज्यात विरघळवला त्या द्रावाची, हवी. सिप्रोभोवती छान मोठा गोल झोन, डीएमएसओभोवती काही नाही आणि अर्काभोवतीही काही नाही, तर हा निगेटिव्ह रिझल्ट. सिप्रोलाच झोन नसेल तर तो निगेटिव्ह रिझल्ट नाही, ती बिघडलेली प्लेट आहे, टाकून द्या. आणि इथेच मी स्वतः माती खाल्ली होती, कारण तेलकट, पाण्यात न विरघळणारे घटक अगारमधे नीट पसरतच नाहीत, त्यामुळे झोन नाही म्हणजे अर्कात दम नाही असं म्हणताच येत नाही. म्हणून एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारं कमीत कमी प्रमाण काढायची चाचणी, कराच. ९६ खणांची प्लेट, पहिल्या खणात समजा १०२४ मायक्रोग्रॅम प्रति मिली अर्क, पुढे दरवेळी निम्मा करत न्यायचा, रात्रभर ठेवून रेझाझुरिन हा रंग टाकायचा, बॅक्टेरिया जिवंत असतील तिथे निळ्याचं गुलाबी होतं. पहिल्या खणापासून सगळं गुलाबी झालं तर लिहायचं, १०२४ मायक्रोग्रॅम प्रति मिली पर्यंत वाढ थांबली नाही. "परिणाम आढळला नाही" यापेक्षा हे वाक्य दहापट कामाचं, कारण पुढच्याला कळतं तुम्ही कुठपर्यंत जाऊन पाहिलंत.

आकडेवारी वाल्यांसाठी पण तेच. पी (खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या वर गेला म्हणजे फरक नाही हे सिद्ध झालं असं नसतं. समजा एखाद्या औषधाने बीपीत सरासरी फरक ०.४ आला आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक जिथे असू शकतो तो पट्टा, उणे १.५ ते अधिक २.३ आहे, तर मोठा फरक नाही हे ठणकावून सांगता येतं, पण तोच इंटरव्हल उणे १२ ते अधिक १३ असेल तर तुम्हाला काहीच कळलेलं नाही, सॅम्पल वाढवा. किती फरक क्षुल्लक मानायचा हे आधीच ठरवून, फरक त्या मर्यादेतच आहे का हे तपासणारी इक्विव्हॅलन्स टेस्ट लावली तर रिव्ह्यूअर फारसं बोलू शकत नाही.

लिहिताना टायटलमधेच सांगून टाका की परिणाम दिसला नाही, "अभ्यास" वगैरे गुळमुळीत नको. डिस्कशनमधे "थोडासा कल दिसला" लिहायचा मोह होतो, हात आवरा. झाडाचा हर्बेरियम नंबर (संग्रहात जपून ठेवलेल्या नमुन्याचा क्रमांक), सॉल्व्हंट, बॅक्टेरियाचा स्ट्रेन आणि सगळ्या प्लेटचे फोटो द्या, बिघडलेल्या प्लेट किती हेही.

कुठे पाठवायचं तर प्लॉस वन हे जर्नल काम नीट झालंय का एवढंच बघतं, बीएमसी रिसर्च नोट्स छोटे पेपर घेतं, मायक्रो वाल्यांना अ‍ॅक्सेस मायक्रोबायोलॉजी आहे. फी असेल तिथे सवलत सबमिट करतानाच मागा, नंतर मागून उपयोग होत नाही. "आदरणीय प्राध्यापक" म्हणून आठवड्यात छापून देणारे मेल येतात ते सरळ डिलीट. काम अजून सुरूच व्हायचं असेल तर रजिस्टर्ड रिपोर्ट बघा, कॉर्टेक्स जर्नलने २०१३ ला आणलेला प्रकार, आधी फक्त प्लॅन रिव्ह्यूला जातो, तो मान्य झाला आणि ठरल्याप्रमाणे काम केलं की निकाल काहीही येवो छापतात.

यातलं काहीच जमत नसेल तर डेटा झेनोडो या साइटवर टाका, फुकट आहे, डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो, किंवा बायोआर्काइव्हला प्रीप्रिंट, म्हणजे रिव्ह्यू व्हायच्या आधीचा पेपर. मात्र गाईड आणि बाकी ऑथरची लेखी हो घेऊन मगच बटण दाबा, कारण तिथे एकदा चढलेला प्रीप्रिंट मागे घेतला तरी पुसला जात नाही.