शिक्षकांनो, आवाज बसायच्या आधीच हे करा

जूनमध्ये शाळा उघडली की पंधरा दिवसांत स्टाफरूममध्ये दोन-चार जणींचा आवाज बसलेला असतोच, मग ज्येष्ठमध चघळा, हळद-मिठाच्या गुळण्या करा असे सल्ले सुरू होतात. करा की, घशाला बरं वाटतं, पण गुळणीचं पाणी स्वरयंत्रापर्यंत जातच नाही (गेलं तर ठसका लागेल!). तिथवर पोचते ती वाफ, तीही साध्या पाण्याची घ्या, बाम टाकू नका.

खरा घोळ बोलण्यातच आहे. बोलताना स्वरतंतू एकमेकांवर आपटत असतात, पुरुषांचे सेकंदाला साधारण १००-१५० वेळा, बायकांचे २०० च्या आसपास, आणि ओरडलं की जास्त जोरात. आजूबाजूला गोंगाट वाढला की आपणही नकळत चढ्या आवाजात बोलायला लागतो. म्हणून गोंगाटावर आवाज चढवायचाच नाही, टाळी वाजवा, डस्टर आपटा, हात वर करून गप्प उभे राहा आणि वर्ग शांत झाला की मगच तोंड उघडा. फळ्याकडे तोंड करून शिकवू नका, मैदानावर शिट्टी वापरा. साठ मुलांचा वर्ग असेल तर कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि माईक घ्याच, लोक हसतात, हसू देत.

पाण्याचं तर विचारूच नका. शाळेत बाथरूमची धड सोय नसते म्हणून कित्येक मॅडम दिवसभर पाणीच पीत नाहीत. पाणी थेट तंतूंवर पडत नाही, ते शरीरात मुरून मग तिथे पोचतं, त्यामुळे घसा कोरडा पडल्यावर बाटली तोंडाला लावून लगेच फरक पडत नाही, सकाळपासूनच घोट घोट प्यायचं. सारखं खाकरायची सवय असेल तर त्याऐवजी आवंढा गिळा.

एक सोपा व्यायाम, अर्ध्या ग्लास पाण्यात स्ट्रॉ बुडवून 'ऊऊ' करत बुडबुडे काढायचे, सूर हळूहळू खालच्या पट्टीतून वरच्या पट्टीत आणि परत खाली न्यायचा. शाळेला निघताना दोन मिनिटं, आल्यावर दोन मिनिटं. तोंडातल्या दाबामुळे तंतू जोरात आपटत नाहीत, ताण हलका होतो.

आवाज बसलाच तर गप्प बसा. कुजबुजणं म्हणजे आराम नव्हे, बऱ्याच जणांचा घसा त्यात उलट जास्त ताणला जातो. काय हवंनको ते मोबाईलवर टाइप करून दाखवा. तीन आठवडे झाले तरी घोगरेपणा जात नसेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन दुर्बिणीने तंतू बघून घ्या, आणि खोकल्यातून रक्त आलं किंवा गिळताना, श्वास घेताना त्रास झाला तर तीन आठवडे थांबूच नका, लगेच जा.