लांडग्याच्या माळावर तळ टाकताना

मी धनगराघरची सून. दिवाळी झाली की आमचं बिऱ्हाड फलटणकडून पुरंदर, भोरच्या बाजूला सरकतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी लांडग्याच्या धास्तीनं माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता. आता घरात नवी सून आली की तिला जे सांगते, तेच इथं लिहिते.

आधी ओळख पटवून घ्या. तिन्हीसांजेला माळावर जी रडकी ओरड उठते, ती बहुतेक वेळा कोल्ह्यांची असते. लांडगा कोल्ह्याहून बराच उंच, लांब पायांचा, पोट आत गेलेला. त्याचं शेपूट खाली लोंबतं, गावठी कुत्र्यासारखं पाठीवर वळत नाही. वजन वीसेक किलो, म्हणजे आपल्या धिप्पाड कुत्र्याएवढंच. हे कळलं तेव्हाच माझी निम्मी भीती गेली.

उरलेली भीती जाळ्याची धरा. मेंढरं कोंडायच्या जाळ्याला आम्ही वाघर म्हणतो. एका वर्षी ओढ्याच्या अंगाला दोन मेखा खडकात बसेनात, म्हणून तशाच टेकवून ठेवल्या. पहाटे मला जाग आली ती आवाज थांबल्यानं. मेंढरं रात्रभर रवंथ करतात, त्याची सवय झालेली असते. तोच बंद पडला होता. सगळ्या माना ओढ्याकडं वळलेल्या. मग कळप एकदम उसळला, मेखा उपटल्या, आणि बाहेर पांगलेल्यातली तीन कोकरं गेली. लांडगा जाळ्याच्या आत आलाच नव्हता. त्यामुळं मेख बसत नसेल तर तळच बदला. खालची दोरी दगडांनी दाबा, ओढा आणि झुडपांची दाटी लांब ठेवा, कोकरं बिऱ्हाडाशेजारी वेगळ्या जाळ्यात घाला. रवंथ थांबला की उठायचं, बॅटरी मारायची, मोठ्यानं हाका घालायच्या. कुत्री असतील तर त्यांच्या गळ्यात काटेरी पट्टा हवाच, आणि दरवर्षी रेबीजची लसही.

लेकरांच्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. 2024 साली उत्तर प्रदेशात बहराइच जिल्ह्यात लांडग्यांनी झोपलेली लहान मुलं उचलून नेली. आमच्या माळावर मी तसं कधी पाहिलेलं नाही, तरी पोरं मोठ्यांच्या मधेच झोपतात आणि अंधारात एकटी परसाकडं जात नाहीत.

समोरासमोर आलाच तर पळू नका, पाठ फिरवू नका. घोंगडी दोन्ही हातांनी डोक्यावर उचला, ओरडा, सावकाश मागं सरा. माझ्यापुढं दोनदा आला, दोन्ही वेळा क्षणभर बघून तोच निघून गेला. पण झोकांड्या खात, लाळ गाळत सरळ अंगावर येणारा लांडगा पिसाळलेला समजा. चावलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना काही भरू नका.

मेंढरू मेलं तर जागचं हलवू नका. फोटो काढा, लगेच वनविभागाला 1926 वर कळवा, पंचनामा करून घ्या, भरपाई मिळते. आम्ही एकदा सगळं आवरून पुढं निघालो आणि मग अर्ज केला, तो नामंजूर झाला. रागाच्या भरात मेलेल्या जनावराला विष लावून टाकू नका. ते आपलीच कुत्री खातात, गिधाडं खातात. शिवाय लांडगा मारणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

हिवाळ्यात ओढ्याच्या दरडीत पिल्लांचं बीळ दिसलं तर धूर करू नका, तोंड बुजवू नका. मागच्या मार्गशीर्षात सासऱ्यांना असं बीळ दिसलं. बाहेर कोवळ्या पावलांचे ठसे होते, नाण्याएवढे. त्यांनी ते मला दाखवले, कुणाला सांगू नकोस म्हणाले, आणि शेतमालकाशी बोलून त्याच दुपारी तळ दोन शेतं पलीकडं नेला.