एकच तलवार घ्यायची असेल तर

तलवार निवडताना बहुतेकांची नजर आधी पात्यावर जाते. त्याचं वळण, टोक, पोलादावरची नक्षी यातच ते गुंततात. संग्रह करायचा असेल तर तेही चालतं. पण एकच ठेवायची असेल तर आधी काम, मग मूठ, मग तोल आणि पात्याचा देखणेपणा सगळ्यात शेवटी, असा क्रम लावा. पात्याच्या आकाराची हाताला सवय होते, न बसणाऱ्या मुठीची कधीच होत नाही.

काम आधी ठरवा

तलवारीची चार कामं असतात. भिंतीवर किंवा स्टँडवर ठेवणं, एकट्याने हात फिरवण्याचा सराव, गवताच्या भिजवलेल्या चटया वगैरे कापून बघणं, आणि जुनी वस्तू म्हणून जपणं. ही चारही एका तलवारीत बसत नाहीत. सरावाच्या बोथट तलवारीची कड मुद्दाम १ ते २ मिलिमीटर जाड ठेवलेली असते आणि टोक गोल असतं. तिला धार लावायची तर इतकं पोलाद घासावं लागतं की तोल बदलतो. धारदार तलवारीने जोडीचा सराव करायचा नसतो, यावर वाद नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या तलवारीने काहीही कापायचं नसतं, कारण आतला गंज किंवा जुनी चीर बाहेरून दिसत नाही. फक्त शोभेसाठी बनवलेली तलवार तर हवेत जोरात फिरवणंही धोक्याचं. का, ते पुढे येईल.

दहातल्या नऊ वेळा तुम्ही तिचं काय करणार, त्याचं उत्तर पक्कं करा आणि दहाव्या वेळेसाठी तडजोड करू नका. 'सगळंच थोडं थोडं' असं उत्तर येत असेल तर एकट्याने फिरवण्याचा सराव धरून चाला. प्रत्यक्षात बहुतेक मालक तेच करतात. राहता देश आणि गाव यांचा शस्त्रांबाबतचा कायदाही आत्ताच बघा. पात्याची लांबी, धार, वय, वळण यांपैकी कशावरही बंधन असू शकतं, आणि बाळगण्याचे व घराबाहेर नेण्याचे नियम वेगवेगळे असतात.

मूठ

तळहाताची रुंदी मोजा: अंगठा सोडून चार बोटं जुळवून, बोटांच्या मुळाशी. बहुतेक मोठ्या माणसांची ती ८ ते ९ सेंटिमीटर भरते. आता आपल्याकडच्या जुन्या तलवारीची मूठ घ्या, म्हणजे खाली गोल तबकडी आणि बोटांपुढून गेलेली परज असलेली. यात हात बसायची जागा अनेकदा ७ ते ८ सेंटिमीटरच असते. पहिल्यांदा धरणाऱ्याला वाटतं, ही लहान मुलाची असावी. पण ती घट्टच धरायची असते. तबकडी मनगटाला टेकते आणि मनगट पुढे मोडू देत नाही. म्हणून वार मनगटातून न येता खांदा आणि कोपरातून येतो, आणि पातं लक्ष्यावर आपटण्याऐवजी ओढलं जातं. बरेच जण तर्जनी पुढच्या आडव्या पट्टीवरून पलीकडे घालतात, त्यामुळे थोडी जागा वाढते. पण पट्टीपुढे आलेल्या त्या बोटाला संरक्षण नसतं आणि तिथली कड धारदार असेल तर ते बोट आधी जातं. हात मोठा असेल तर जुन्या मापाच्या मुठीच्या मोहात पडू नका. मोठ्या मुठीची नवी प्रतिकृती शोधा.

युरोपीय एकहाती तलवारीची मूठ साधारण ९ ते १० सेंटिमीटर असते, आणि तिथे मनगट मोकळं राहतं. दोन हातांच्या लाँगस्वर्डची मूठ २० ते २५, जपानी कटानाची बहुधा २५ ते ३०. कटानाच्या मुठीत लाकडावर माशाची खरखरीत कातडी आणि वर फितीची वीण असते. विणीवर अंगठा दाबून बाजूला सरकवून बघा. सरकली तर सोडून द्या. घाम लागला की ती आणखी ढिली होणार.

मुठीचा छेद गोल नको, लंबगोल हवा. गोल मुठीत डोळे मिटले की धार कुठे आहे ते कळत नाही. दुकानात हीच परीक्षा घ्या: डोळे मिटून हातात फिरवा, थांबा, आणि धार कोणत्या दिशेला आहे ते सांगा.

वजन आणि तोल

खऱ्या तलवारी लोकांना वाटतं तितक्या जड नव्हत्या. मध्ययुगीन एकहाती तलवार बहुधा १ ते १.३ किलो, लाँगस्वर्ड १.३ ते १.६, कटाना साधारण १ ते १.३. वळणदार घोडदळी सेबर आणि आपली तलवार अनेकदा किलोच्या आतबाहेर. २ किलोची एकहाती तलवार हातात आली तर ती चुकीची बनवलेली आहे, 'दणकट' नाही.

मात्र नुसतं वजन फसवतं. पातं आडवं धरून एका बोटावर तोला. जिथे ते स्थिर राहतं, तिथपासून मुठीच्या आडव्या पट्टीपर्यंतचं अंतर मोजा. रेपियरसारख्या भोसकायच्या तलवारीत ते ५ ते १० सेंटिमीटर, सरळ एकहाती तलवारीत ८ ते १४, वळणदार कापायच्या तलवारीत १२ ते १८ असं साधारण येतं. तोल हाताजवळ असला की टोक चपळ होतं, दूर असला की वार भारी पडतो. २० च्या पुढे गेला तर मनगट पाच मिनिटांत तक्रार करेल.

तोलाची खरी गुरुकिल्ली पात्याची जाडी. चांगल्या पात्याची जाडी मुठीकडून टोकाकडे घटत जाते: मुठीपाशी ५ ते ६ मिलिमीटर, मध्यावर ४ च्या आसपास, टोकाआधी २ ते ३. स्वस्त पातं एकाच जाडीच्या पट्टीतून कापतात. ते फोटोत अगदी तसंच दिसतं, पण हातात घेतलं की पहारीसारखं वाटतं. विक्रेत्याला तीन ठिकाणची जाडी विचारा. तोलाचं अंतर आणि वजन सांगणारे बरेच भेटतील. जाडीही न विचारता देणारा कारागीर असेल तर निम्मं काम झालं.

कोणता आकार

काहीच ठरत नसेल तर आमचं मत सरळ आहे: एकहाती, हलकं वळण, पातं ७५ ते ८२ सेंटिमीटर, वजन ९०० ग्रॅम ते १ किलो, बोटांपुढे परज. आपली वळणदार तलवार किंवा हलक्या घोडदळाची सेबर यात बसते. १७९६ सालची ब्रिटिश हलक्या घोडदळाची सेबर हा याचा नमुना. पातं जरा लांब, साधारण ८४ सेंटिमीटर, टोकाकडे रुंद होत गेलेलं, आणि वजन किलोच्या आत. अशा तलवारीला जागा कमी लागते, एका हाताने सराव होतो आणि परज बोटं वाचवते.

लाँगस्वर्ड शिकायला उत्तम, पण छत उंच हवं. डोक्यावरून वार घेताना १२० सेंटिमीटरची तलवार घरातल्या पंख्याला सहज लागते. रेपियर सुंदर दिसते, मात्र एकटीच असेल तर तिचा कंटाळा लवकर येतो. तिची गंमत समोर दुसरा माणूस असेल तरच. धोप सरळ आणि लांब, हात तयार असेल तर अप्रतिम. दांडपट्टा पहिली आणि एकमेव म्हणून घेऊ नका. त्याची लोखंडी खोळ कोपरापर्यंत चढते, मनगट अडकून पडतं, पातं लवचीक असतं, आणि गुरूशिवाय ते आधी स्वतःच्याच पायाकडे येतं.

  लांबी ठरवताना लाँगस्वर्ड टोकावर उभी केली तर मुठीचा गोळा काखेपर्यंत यावा. १५व्या शतकातला इटालियन उस्ताद फिलिप्पो वादी हेच माप देतो.

पोलाद

आकड्यांना घाबरू नका. १०६० म्हणजे साधारण ०.६० टक्के कार्बनचं साधं पोलाद, १०९५ मध्ये ०.९५ टक्के. कार्बन वाढला की धार टिकते, पण चुकीच्या कोनात वार बसला तर कड उडते. नवख्यासाठी १०६० किंवा ५१६०, ६१५० ही स्प्रिंगची पोलादं बरी. ९२६० मध्ये सिलिकॉन असल्याने ते चांगलं लवचीक असतं.

पण पोलादापेक्षा पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून आणि एकदम थंड करून ते कसं कडक केलंय, ते मोठं. उत्तम पोलादाला वाईट पाणी दिलं तर ते काचेसारखं तडकतं किंवा शिशासारखं वाकतं. पूर्ण पातं सारखं कडक करून नंतर नरमवलेलं असेल तर कडकपणा रॉकवेलच्या मापावर साधारण ४८ ते ५५ असतो. कटानाला पाठीवर मातीचा लेप देऊन पाणी देतात. धार ५८ ते ६० पर्यंत जाते आणि पाठ बरीच मऊ राहते. म्हणून असं पातं वाकलं की स्वतःहून सरळ होत नाही, तर स्प्रिंगचं होतं. लवण्याची परीक्षा फक्त स्प्रिंगच्या पात्यावर करा.

स्टेनलेस पोलादाची तलवार भिंतीसाठीच. ४२० किंवा ४४० चं लांब पातं धक्क्याने मुठीजवळ मोडू शकतं, आणि मोडलेला तुकडा कुठे उडेल ते कुणाच्या हातात नसतं. 'दमास्कस' म्हणून विकलं जाणारं पातं आज बहुधा दोन पोलादांचे थर जोडून, आम्लात बुडवून नक्षी काढलेलं असतं. जुनं जोहरदार पोलाद मुशीत वितळवून बनायचं, ते वेगळंच. थरांचं काम नीट असेल तर हरकत नाही, पण नक्षीमुळे ताकद वाढते हे विक्रेत्याचं बोलणं कानाआड करा. आणि नक्षी छापलेलीही असते. पाठीवर बघा: खरे थर पाठीवरही दिसतात, छापील नक्षी कडेला तुटते.

मुठीच्या आत

पात्याचा मुठीत शिरणारा भाग न दिसणारा आणि सगळ्यात महत्त्वाचा. शोभेच्या तलवारीत तिथे बारीक दांडा वितळजोड करून लावलेला असतो. जोरात फिरवताना जोड तुटतो आणि पातं उडतं. पातं आणि हा भाग एकाच तुकड्याचा हवा, रुंद हवा, आणि पातं जिथे अरुंद होऊन मुठीत शिरतं त्या खांद्याशी काटकोन नको. काटकोनात ताण साठतो आणि तिथूनच चीर सुरू होते. कोपऱ्याला गोलाई हवी.

युरोपीय तलवारीत शेवटचा भाग गोळ्यातून बाहेर काढून ठोकून बसवलेला उत्तम. पेचाची नट चालते, पण ती ढिली होते. कटानात बांबूच्या एक किंवा दोन खुंट्या असतात. आपल्या तलवारीत आखूड शेपूट राळ-लाखेच्या मिश्रणात रोवलेलं असतं. जोड मजबूत असतो, फक्त उष्णतेला कच्चा. उन्हात बंद गाडीत ठेवलेली तलवार हातात घेताच पातं डुगडुगलं तर लाख मऊ झाली, असं समजा. नवी प्रतिकृती घेताना आत लाख आहे की आधुनिक चिकटद्रव, ते विचारून घ्या.

हातात आल्यावर

विकत घेण्याआधी, किंवा परतीची मुदत संपायच्या आत, एवढं क्रमाने करा.

१. पातं खिडकीच्या उजेडाकडे धरून पाठीवरून नजर टाका, मग धारेवरून. उजेडाची रेघ सरळ हवी. लाटा दिसल्या तर घासणी वाईट, एकीकडे वळली तर पातं पिळलेलं.

२. मूठ सैल धरून गोळ्यावर दुसऱ्या हाताची थाप मारा. पातं थरथरेल, पण एका जागी थरथर नसेल. ती जागा मुठीपासून पात्याच्या साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांशावर हवी. वार तिथेच लावायचा. दुसरी शांत जागा मुठीत, पुढच्या हाताखाली हवी; नसेल तर प्रत्येक वाराचा झटका हाताला लागेल.

३. कानाजवळ हलवा. खुळखुळ, टकटक काहीही नको.

४. स्प्रिंगचं पातं असेल तर विक्रेत्याच्या परवानगीने टोक लाकडावर टेकवून १० सेंटिमीटर लववा आणि सोडा. पुन्हा उजेडात बघा. वाक राहिला तर नको.

५. म्यान उलटं करा. तलवार आपोआप बाहेर घसरू नये, आणि काढताना दोन हात लावून ओढावीही लागू नये.

म्यान धरताना बोटं धारेच्या बाजूने गुंडाळू नका. लाकडी म्यान दोन फळ्या चिकटवून बनतं, आणि जोड उघडला की पातं तिथूनच बाहेर येतं. काढताना आणि ठेवताना पाठ म्यानाला टेकवून सरकवा, धार नाही.

जुनी तलवार

जुनी घेत असाल तर वरचं बरंचसं बाजूला ठेवा. लववू नका, थाप मारू नका, धार लावू नका. काळपट स्थिर थर म्हणजे तिचं वय, तो घासला की किंमतही गेली. तांबूस, भुकटी सुटणारा गंज मात्र चालू असतो; त्यावर तेलाचा हलका हात द्या आणि जाणकाराला दाखवा. कटानाच्या मुठीतल्या भागावरचा गंज तर कधीच काढायचा नाही, वय ओळखायचा तो पुरावा आहे. मूठ आणि पातं वेगवेगळ्या काळातलं असणं नेहमीचंच. फिरंगीत परदेशी पात्याला इथली मूठ बसवलेली असते, तिला बनावट म्हणायचं कारण नाही. नव्या पात्याला आम्ल लावून 'जुनं' करणं ही बनावट. अशा पात्यावर खड्डे सगळीकडे सारखे दिसतात, नक्षीच्या खोबणीतसुद्धा. खरा गंज कुठे खातो, कुठे सोडतो.

निगा

बोटाचा ठसा एका रात्रीत गंज धरतो, त्यामुळे दर वेळी हाताळल्यावर सुती कापडाने पाठीकडून पुसा आणि खनिज तेलाचा पातळ हात द्या. चमक दिसावी, ओघळ नको. खाण्याचं तेल चिकट होऊन बसतं. पुष्कळ दिवस ठेवून द्यायची असेल तर मायक्रोक्रिस्टलाइन मेण बरं. चामड्याच्या म्यानात कायम ठेवू नका. कमावलेल्या चामड्यातली रसायनं आणि ओल पातं खातात. ओकच्या कपाटातली आम्लाची वाफही तेच करते. दमट हवेत महिन्यातून एकदा, कोरड्या हवेत दोन-तीन महिन्यांनी तेल बदला, आणि त्याच वेळी नट, खुंटी किंवा लाखेचा जोड हलवून बघा. खुंटी ठेचलेली दिसली तर दुरुस्त करत बसू नका, नवी बसवा.